जेबझकाकांनी कुठल्या बाजूला मरावं

हॅरोबेक गावची पॅरिश कौन्सिल, म्हणजे तिथली ग्रामपंचायत, स्थापन होऊन चार महिने झाले होते आणि तोवर तिनं एकच ठराव पास केला होता: सभेत कुत्री आणू नयेत. तोही तीन विरुद्ध दोन मतांनी. त्यामुळे १८९५ च्या मे महिन्यात, जेबझ कोट्स यांना मरण्यासाठी स्टेशनच्या बाजूला हलवावं, हा ठराव एकमतानं पास झाला तेव्हा कौन्सिल आता रुळली असं सगळ्यांना वाटलं.

ठराव केझाया पीकॉकच्या भल्यासाठी होता. ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. ज्यांना हलवायचं होतं ते तिच्या दिवंगत नवऱ्याचे काका. तिच्याच घरात, मागच्या खोलीत राहायचे, आणि त्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्याकडून दोन वेळा ओटची लापशी मागून घेतली होती.

केझायाचं सगळं आयुष्य सहा गाई आणि एक गाडी यांवर चाललं होतं. गाडी म्हणजे सकाळची सात पन्नासची. गेली सात वर्षं ती धारा काढायची, पत्र्याचा मोठा डबा पाठीला बांधायची, लांब कुरणातून चालत जायची, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे उतरायची आणि स्टेशनवर दूध चढवायची. पाऊण मैल. ते दूध संध्याकाळपर्यंत न्यूकॅसलमधले लोक चहात घालायचे. ते लोक कोण, हे तिला माहीत नव्हतं, पण ते फार चहा पितात एवढं तिला कळलं होतं आणि त्याबद्दल ती त्यांची मनापासून आभारी होती.

मार्चमध्ये लांब कुरण विकलं गेलं. घेणारे सेप्टिमस ऑर्मरॉड, ब्रॅडफर्डचे, बटणांच्या धंद्यातून निवृत्त झालेले. त्यांनी येताना दोन अल्पाका आणले. अल्पाका म्हणजे उंटानं मेंढीशी सोयरीक केल्यासारखं दिसणारं लोकरीचं जनावर. माणसं पाहून ती बिचकतात आणि बिचकली की लोकर गाळतात, असं ऑर्मरॉडसाहेबांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी कुरणाला फाटक बसवलं, फाटकाला कुलूप लावलं आणि वर पाटी लावली: अल्पाकांच्या मनःशांतीसाठी वाट बंद. ती पाटी वाचायला पहिल्या आठवड्यात इतके लोक आले की त्याआधी महिनाभरात त्या वाटेनं तेवढे गेले नसतील.

केझाया साहेबांना भेटायला गेली होती. साहेब फार सभ्य माणूस. तिनं तोंड उघडण्याआधीच ते नाही म्हणाले, मग तिला चहा दिला आणि अल्पाका दाखवले.

आता पुलावरून फिरून जायचं म्हणजे साडेतीन मैल. पाठीवर भरलेला डबा, रस्ता चढाचा. एप्रिलमध्ये तिची गाडी नऊ वेळा चुकली. चुकलेल्या दुधाचं चीज व्हायचं, आणि चीज ही हॅरोबेकमध्ये प्रत्येकाकडे असलेली आणि कुणीच विकत न घेणारी वस्तू होती. मग न्यूकॅसलच्या डेअरीचं पत्र आलं. चोवीस जूनपासून दूध रोज वेळेवर मिळणार नसेल तर आम्हांला नाइलाजानं दुसरी सोय पाहावी लागेल. पत्र अतिशय नम्र होतं. त्यामुळे ती जास्तच घाबरली. डेअरी गेली की गाई जाणार, आणि घराचं भाडं गाईच भरत होत्या.

यावर उपाय सापडला तो कौन्सिलचे चेअरमन इनॉक फर्थ यांना. इनॉक सुतार होता. गावातले पाळणे आणि शवपेट्या तोच करायचा, त्यामुळे कुठल्याही विषयाचा शेवट त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचा. ज्या वाटेनं प्रेत नेलं ती वाट कायमची सगळ्यांची होते, असं त्यानं सभेला सांगितलं. हे कुणाला नवीन नव्हतं. अख्ख्या खोऱ्याला ते माहीत होतं. पाद्रीबुवांनाही माहीत होतं. कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे मात्र कुणी सांगू शकलं नाही. पण ओढा उताराकडे वाहतो हेही त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

अडचण होती दिशेची. चर्च गावात, दफनभूमी गावात, आणि हॅरोबेकची माणसं मरायची तीही आपापल्या घरी, गावातच. मेल्यावर कुरण ओलांडायचं कुणालाच कारण नव्हतं. स्टेशनच्या बाजूला चारच माणसं राहायची, स्टेशनमास्तर, त्यांची बायको आणि दोन हमाल, आणि चौघांच्याही तब्येती लाज वाटण्याइतक्या ठणठणीत होत्या.

म्हणून जेबझकाका. त्यांचं वय एकोणनव्वद. गेली अकरा वर्षं ते मरत होते. पाद्रीबुवांनी त्यांच्या उशाशी पाच वेळा शेवटची प्रार्थना म्हटली होती, आणि पाचव्या वेळी एक ओळ गाळली तेव्हा काकांनी तिची आठवण करून दिली होती.

त्यांना विचारायला केझायाची जीभ रेटेना. इनॉकनं विचारलं. काकांनी उलट विचारलं.

"तिथं जेवायला कोण घालणार?"

"टन्स्टॉलबाई. स्टेशनमास्तरांची बायको."

"पुडिंग कसं करते?"

"चांगलं करते म्हणतात."

"मग माझी हरकत नाही," काका म्हणाले. "जिवंतपणी मी कुणाच्या फारसा कामी आलो नाही. बघू, मरून जमतंय का."

सोमवारी त्यांना घोडागाडीतून पुलावरून फिरवून नेलं. दोन खेपा नकोत म्हणून इनॉकनं शवपेटीही त्याच गाडीत घातली. चढावर ती मागे घसरायला लागली की काका तिला हातानं धरून ठेवत होते.

स्टेशन सतरा वर्षं जुनं होतं, पण काकांनी ते पाहिलं नव्हतं. सवड झाली की बघू म्हणत राहून गेलं होतं. आता त्यांच्या खोलीची खिडकी फलाटावर उघडत होती. तिसऱ्या दिवशी त्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या. आठव्या दिवशी अकरा वीसची गाडी उशिरा का, हे विचारायला ते स्वतः उठून फलाटावर गेले. पंधराव्या दिवशी हमालाची जुनी टोपी त्यांच्या डोक्यावर होती आणि बायका त्यांना रिचमंडला जायला गाडी कुठं बदलायची ते विचारत होत्या. टन्स्टॉलबाई सगळ्यांना सांगत सुटल्या की हा म्हातारा मरायला आला म्हणून ठेवून घेतला, तर दोन माणसांचं जेवतो. तक्रार होती, पण सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा.

केझाया रोज साडेतीन मैल फिरून दूध घेऊन यायची. गाडी मिळो न मिळो, काकांना भेटून जायची.

"कसं वाटतंय, काका?"

"फार बरं वाटतंय गं. तुला वाईट वाटत असेल."

"असं काय बोलता."

"वाटलं तर वाटू दे. मलाही तुझ्यासाठी वाईट वाटतं. पण पुढच्या महिन्यात उन्हाळ्याचं टाइमटेबल लागतंय पोरी, तेवढं बघायचंय."

परत जाताना तिची पंचाईत व्हायची. काका बरे आहेत म्हटल्यावर तिचं मन खट्टू व्हायचं. मन खट्टू झालं याची तिला लाज वाटायची. लाज वाटली की दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यासाठी अंडी न्यायची. आणि अंड्यांनी काका आणखी बरे व्हायचे.

इनॉक मात्र दिवसाआड खिशात मोजपट्टी घालून जाऊन यायचा. म्हाताऱ्याचं वजन वाढतंय, पेटी अपुरी पडेल, अशी काळजी त्यानं दोनदा कौन्सिलमध्ये बोलून दाखवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पत्राचं उत्तर आलं. पत्र पाठवल्याचंच बाकी सगळे विसरले होते. शाळेचे क्लेग मास्तर कौन्सिलचे कारकून होते आणि कुठलंही काम नियमानं करायची त्यांना सवय होती. त्यांनी मे महिन्यातच डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या वकिलांना लिहून विचारलं होतं, की वाट खुली होण्यासाठी माणूस आधी मेलेला लागतो की वाटेत मेला तरी चालतो. वकिलांचं उत्तर त्यांनी सभेत उभं राहून वाचून दाखवलं.

कायद्याला प्रेतांमध्ये काहीही रस नाही, असं वकिलांनी लिहिलं होतं. लोक एखाद्या वाटेनं वर्षानुवर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता आणि पैसे न देता जात असतील, तर ती वाट लोकांची. ऑर्मरॉड यांच्याकडे १८२६ चा एक कागद आहे. त्यात तेव्हाच्या मालकानं गावाला जाण्यायेण्याची परवानगी दिल्याचं म्हटलंय. म्हणून त्याच्या आधीचे, लोक परवानगीशिवाय जात होते ते दिवस डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागेल. गुरुवारी, वीस जूनला सकाळी अकरा वाजता, हॅरोबेकच्या शाळेत आम्ही साक्ष नोंदवू. तोवर मालकाकडे परवानगी मागू नका. मागितली म्हणजे ती लागते असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. आणि इतका वयस्कर माणूस आपल्या गावात असेलच, तर कृपया त्याच्या प्रकृतीची काळजी घ्यावी.

इनॉकच्या खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर डोकावत होतं, ते त्यानं आत ढकललं.

१८२६ च्या आधीचं आठवणारा गावात एकच माणूस होता, आणि महिनाभर सगळं गाव त्याच्या मरणाची वाट पाहत होतं. काका शब्दाला जागले असते तर तिची वाट त्यांच्याबरोबर कायमची पुरली गेली असती.

कौन्सिलनं तिथल्या तिथं मागचा ठराव रद्द केला आणि नवा केला: जेबझ कोट्स यांनी मरू नये. एकमतानं.

ठराव घेऊन क्लेग मास्तर स्टेशनवर पोचले, तर काका अंथरुणात. आदल्या दिवशी गुरांची स्पेशल गाडी आली होती, आणि एवढी गुरं आली तर स्वागताला कुणीतरी पाहिजे म्हणून ते दोन तास पावसात उभे राहिले होते. छातीत कफ भरला होता. गुरुवारला पाच दिवस होते.

मग गाव लोटलं. साडेतीन मैल फिरून बायका मटणाचं पाणी घेऊन आल्या, फ्लॅनेल घेऊन आल्या, प्रत्येकीनं छातीला चोळायला आपापल्या घरची बदकाची चरबी आणली. तिघींनी एकाच दिवशी चोळली. संध्याकाळी काका पलंगावर टेकेनात, सारखे घसरत होते. शेवटी केझायानं सगळ्यांना बाहेर काढलं, शेजारणीला गाई सांभाळायला सांगितल्या आणि स्वतः उशाशी बसली. त्या पाच दिवसांचं दूध गाडीवर चढलं की नाही, हे तिनं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी डोळे उघडले तेव्हा तिनं त्यांना सगळं खरं सांगितलं. पत्र, कागद, साक्ष. काका बराच वेळ खोकले.

"आता मरायचं नाही म्हणता."

"हो."

"गेल्या आठवड्यापर्यंत मरा म्हणत होतात."

"मी एकदाही म्हटलं नाही, काका."

"नाही," काकांनी मान्य केलं. "तू अंडी आणलीस." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या अंड्यांसाठी गुरुवारपर्यंत थांबतो."

"गुरुवारनंतरही थांबा," केझाया म्हणाली. "वाट मिळो नाही तर न मिळो. मागची खोली रिकामी बघवत नाही मला."

त्या दिवशी काकांनी मटणाचं पाणी न कुरकुरता घेतलं.

गुरुवारी सकाळी क्लेग मास्तर, इनॉक आणि गावातले काही जण पुलावरून फिरून स्टेशनवर आले. वकीलसाहेब आले ते अर्थातच गाडीनं. उतरले ते थेट काकांच्या खिडकीसमोर. केझायाला वाटलं, सुटलो. तिनं त्यांना आत बोलावलं. साक्षीदार हा इथंच आहे, अंथरुणात आहे, लिहून घ्या. वकीलसाहेबांनी हॅट काढली, काकांची प्रकृती विचारली आणि खेदानं सांगितलं की नोटिशीत शाळा लिहिली आहे. शाळेबाहेर ऐकलेलं त्यांना ऐकू आलंय असं धरता येत नाही.

घोडागाडीतून पुलावरून न्यावं, तर डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की त्या रस्त्याच्या धक्क्यांनी म्हातारा शाळेपर्यंत टिकणार नाही. राहिलं कुरण. परवानगी मागायची नव्हती आणि कुलूप तर होतं. केझायानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, उचला.

आडव्या माणसाला सहा जणांनी खांद्यावरून धक्का न लावता नेता येईल, अशी वस्तू स्टेशनवर एकच होती. इनॉकनं तिला कड्याही चांगल्या बसवल्या होत्या. तिच्यात उशी घातली, तीन घोंगड्या घातल्या आणि त्यांत काकांना ठेवलं. झाकण घेतलं नाही. पेटी अपुरी पडत नव्हती, हे पाहून इनॉकला मनातून बरं वाटलं.

सहा जण पेटी घेऊन निघाले. केझाया पुढं, मागं मास्तर वही घेऊन आणि त्यांच्यामागं वकीलसाहेब. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की आपण मिरवणुकीत नाही, नुसते चालतोय. ओढ्यात पेटीवाले दगडांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यातून गेले, बाकीचे एकेक करून दगडांवरून. पलीकडे फाटकाशी ऑर्मरॉडसाहेब उभे होते. त्यांनी घरातून पेटी येताना पाहिली होती आणि तसेच सपाता घालून पळत आले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेब ब्रॅडफर्डचे असले तरी त्यांची आई याच खोऱ्यातली होती. प्रेत गेलं की वाट गेली, हे त्यांना पाळण्यातच कळलं होतं. आणि त्यावरचा उतारा काय, तेही.

"एक पेनी," त्यांनी हात पुढं केला. "एक पेनी दिली की प्रेतानं वाट होत नाही. मृताबद्दल मला आदर आहे. पण पेनी द्या."

खांदे देणारे थबकले. केझायानं मागं वळून पाहिलं. पेटीतून खोकल्याचा आवाज आला आणि मग काकांचा.

"साठ वर्षं इथून उभा गेलो, तेव्हा कुणी दमडी मागितली नाही. आता आडवा जाताना देऊ होय?"

ऑर्मरॉडसाहेबांनी फाटकाचा आधार घेतला. टाचा उंचावून पेटीत पाहिलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"जिवंत आहेत हे?"

"आहेत," केझाया म्हणाली.

साहेबांच्या अंगातला सगळा ताण एकदम उतरला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि पहिल्या झटक्यात कुलूप उघडलं. "मग आधी नाही का सांगायचं. जिवंत माणसांचं काय, ती जातच आली आहेत इथून, जन्मभर. माझी आई लहानपणी जायची. तिचा बाप जायचा. कोण अडवतंय त्यांना? मला फक्त प्रेताची भीती होती."

मास्तरांनी वही उघडली. "साहेब, जरा सावकाश सांगाल का?"

"मला इथलं काही ऐकू येत नाही," वकीलसाहेब कुरणाकडे पाहत म्हणाले. "पण मिस्टर ऑर्मरॉड, हेच तुम्ही शाळेत येऊन सांगाल का?"

आपण काय बोलून बसलो हे ऑर्मरॉडसाहेबांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी केझायाकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर डब्याच्या पट्ट्यांनी पडलेले वळ ब्लाउजमधूनही दिसत होते. पेटीतला म्हातारा पुन्हा खोकला. साहेब सभ्य होते, आणि सभ्य माणसाला बोललेलं परत घेता येत नाही, हेच त्याचं मोठं दुखणं असतं. ते म्हणाले, येतो.

मिरवणूक कुरणातून निघाली. दोन्ही अल्पाका पेटीच्या मागोमाग कुतूहलानं शाळेपर्यंत आले. एकाचाही केस गळला नाही.

शाळेत पेटी चार बाकांवर ठेवली आणि काकांनी उठून बसून साक्ष दिली. सातव्या वर्षापासून ते चुनाभट्टीवर बापाची भाकरी घेऊन याच वाटेनं जात. परवानगी घेत होता का, वकिलांनी विचारलं. काका म्हणाले, कुणाची घेणार? मालकाला स्वतःला वाट माहीत नव्हती. एकदा धुक्यात तो त्याच्याच कुरणात हरवला आणि आम्ही पोरांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. वर त्यानंच आम्हांला विचारलं, ही वाट जाते कुठं? वकिलांनी ते लिहून घेतलं आणि लिहिताना दोनदा नाक शिंकरलं. त्यानंतर ऑर्मरॉडसाहेबांनी उभं राहून, सपाता घातलेल्या पायांकडे पाहत, आपल्या आईचं आणि आजोबांचं सांगितलं.

निकालाचा कागद ऑगस्टात आला आणि तोवर त्याची कुणाला गरज उरली नव्हती. गुरुवारी संध्याकाळीच साहेबांनी कुलूप काढून नेलं होतं.

शुक्रवारी सकाळी केझाया मागच्या खोलीत काकांना लापशी देऊन, डबा पाठीला बांधून कुरणातून निघाली. गवत कमरेपर्यंत आलं होतं आणि पिवळ्या फुलांनी भरलं होतं. काल पेटीच्या पुढं चालताना तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. स्टेशनवर पोचली तर गाडीला अकरा मिनिटं होती. अकरा मिनिटांचं काय करतात हे ती विसरून गेली होती. ती बाकावर बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. मग गाडी आली, दूध चढलं आणि न्यूकॅसलला गेलं.

रिकामा डबा घेऊन परतताना तिला ओढ्याच्या दगडांवर समोरून कुणीतरी येताना दिसलं. ऑर्मरॉडसाहेब. हातात प्रवासाची पिशवी, ब्रॅडफर्डला निघालेले. दगड एका वेळी एकालाच पुरणारे. साहेबांनी हॅट काढली, मागं सरून काठावर उभे राहिले आणि तिला आधी येऊ दिलं. ती समोर आली तेव्हा ते जरा संकोचून बोलले.

"मी तीन महिने स्टेशनला पुलावरून जातोय, पीकॉकबाई. हे इतकं जवळ आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"आठ बत्तीसची गाठायचीय ना?" केझाया म्हणाली. "मग धावू नका. आरामात मिळेल."